बेडूक हलत नाही म्हणजे मेला का? (आजच्या भागाचं लेखी रूप)

परवा शेलूबाजारहून एका पोराचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, माहा बेडूक तीन दिवस झाले हालूनच नाही राहिला. दगडामागं दडून बसला. मेला गिला की काय? नाल्यात सोडून देऊ का?" मागं कूलरची घरघर ऐकू येत होती. तो कूलर लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आधी एकच सांगितलं, नाल्यात सोडू नको. का ते शेवटी सांगतो.

मग फोटो मागवला. अंगठ्याएवढा करडा बेडूक, पुढच्या पायांच्या बोटांनाही पडदे, डोळे डोक्याच्या बाजूला. म्हणजे आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. पुढची बोटं मोकळी आणि डोळे डोक्यावर असते, तर तो क्लॉड फ्रॉग. तो १० सेंटीमीटरच्या पुढं वाढतो आणि टाकीतले मासे गिळतो. लहानपणी दोघं सारखेच दिसतात, म्हणून घेतानाच बोटं बघून घ्या.

आता हा ड्वार्फ मुळातच लाजरा. आफ्रिकेच्या जंगलातल्या उथळ, गढूळ पाण्यात तळाशी पानांत लपून राहणारा जीव. मोठे मासे, पक्षी, सगळेच त्याला खायला टपलेले. उघड्या काचेच्या टाकीत, वरून ट्यूबलाइट आणि समोर आपलं तोंड, असं असल्यावर तो कोपरा धरणारच. नवीन आणलेला असेल तर आठवडा-दोन आठवडे असंच चालतं. कधी हातपाय पसरून पाण्यात मेल्यासारखा तरंगतो, तोही त्याचा आराम. कात टाकायच्या आधी सुस्तावतो, अंग पांढुरकं दिसतं, मग ती कात स्वतःच खाऊन टाकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला किळस येते, पण ते अगदी नॉर्मल आहे.

मेला का, हे बघायला काडीनं टोचू नका. या बेडकाला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. लाइट बंद करा, अर्धा तास गप्प बसा आणि बघा. वर येऊन घोट घेऊन परत खाली गेला, की जिवंत आहे. त्यामुळं टाकीचं पाणीही फार खोल नको.

आता कूलर. ड्वार्फची नजर कमजोर. तो जगतो वासावर आणि अंगाला जाणवणाऱ्या पाण्याच्या हालचालीवर. पोराची टाकी कूलरला लागून, त्याच स्टुलावर. म्हणजे दिवसभर बिचाऱ्याच्या अंगाला थरथर! वर एप्रिल महिना. दुपारी दोनला पाण्याचं तापमान मोजायला लावलं, तर ३२ अंश. याला लागतं साधारण २३ ते २६.

इथं आपल्याकडचे लोक एक गोष्ट हमखास म्हणतात, "अरे, आपले बेडूक तर पूर्ण उन्हाळा मातीत झोपून काढतात!" बरोबर आहे. आपला बैलबेडूक जमिनीत गाडून घेतो, शरीराचं काम मंद करतो आणि पहिल्या पावसात पिवळाधम्मक होऊन डबक्यात ओरडतो. ड्वार्फला ही विद्या येत नाही. त्याच्या मुलखात बारमाही ऊब आणि पाणी. तेव्हा उन्हाळ्यात तो गप्प पडला, तर ती झोप समजू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि त्याला त्रास होत असतो.

उपाय साधे आहेत. टाकी कूलरपासून आणि खिडकीच्या उन्हापासून लांब न्या. बर्फ झालेली बंद बाटली पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान हळूहळू उतरू द्या. फ्रिजचं पाणी थेट ओतू नका. लपायला माठाचा तुकडा ठेवा. हिवाळ्यात उलटं, पाणी २० च्या खाली गेलं की तो थंडीनं मंदावतो, तेव्हा हीटर लागतो.

नळाच्या पाण्याचंही बघा. ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, ती आपल्यासाठी चांगली. पण बेडूक कातडीतून पाणी घेतो, त्याला क्लोरीन बाधतं. दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनच पाणी बदला. आणि एका वेळी सगळं बदलू नका.

जेवत नाही, अशी तक्रार असेल तर सोबतचे मासे बघा. बेडूक वास घेत घेत पोचेपर्यंत मासे सगळं फस्त करतात. रात्री चिमट्यानं ब्लडवर्म त्याच्या नाकाजवळ धरा.

खरी काळजी कधी करायची? पोट फुग्यासारखं फुगलं, अंगावर कापसासारखी बुरशी आली, पायांवर लाल चट्टे आले, किंवा वर तरंगतोय पण खाली जाताच येत नाही. मग थांबू नका. अकोल्यात माफसूची पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. बेडूक बघतात का, हे फोनवर विचारून मगच निघा.

आणि नाला? या बेडकांच्या कातडीवर कायट्रिड नावाची बुरशी असू शकते. जगात बेडकांच्या कित्येक जाती तिनं संपवल्यात. मोठा क्लॉड फ्रॉग तर १९३० च्या दशकापासून गर्भचाचणीसाठी देशोदेशी नेला गेला, आणि सुटलेले, सोडलेले बेडूक चिली, फ्रान्सपर्यंत रानात पसरले. टाकीतलं जुनं पाणीसुद्धा नाल्यात किंवा विहिरीत नको.

पोरानं टाकी हलवली. चौथ्या रात्री परत मेसेज. "दादा, टाकीतून घूं घूं आवाज येऊन राहिला, मोटर बिघडली का?" मोटर ठीक आहे रे. नर आहे तुझा, मादीला हाक मारतोय.