तिसरा आला, खेळ कुणाचा बिघडला?

पक्षानं दार लावलं की लोकप्रिय नेता अपक्ष उभा राहतो. दोन्हीकडची थोडी थोडी मतं घेऊन मधून निघून जाऊ, असा त्याचा हिशेब असतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात २०१० साली हा हिशेब साफ चुकला. दोनच वर्षांनी मेन राज्यात तो अगदी बरोबर आला. असं का झालं?

१० फेब्रुवारी २००९. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स गावात सभा भरली होती. घरांचा बाजार कोसळल्यामुळं हा भाग पार बेजार झाला होता. अध्यक्षपदाची शपथ घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेले बराक ओबामा लोकांना धीर द्यायला तिथं आले होते. मंदीवर उतारा म्हणून शेकडो अब्ज डॉलर खर्चायची त्यांची योजना अजून संसदेत पूर्णपणे मंजूर व्हायची होती. ओबामांच्या स्वागताला फ्लोरिडाचे गव्हर्नर चार्ली क्रिस्ट व्यासपीठावर हजर होते. क्रिस्ट विरोधी रिपब्लिकन पक्षाचे. तरी त्यांनी योजनेला पाठिंबा दिला आणि सगळ्यांदेखत ओबामांना मिठी मारली.

ही मिठी दोन-चार क्षणांचीच होती, पण तिनं एका नेत्याचं सगळं राजकारण फिरवलं!

मिठी महागात पडली

त्या वेळी क्रिस्ट म्हणजे राज्यातलं बडं प्रस्थ. उन्हानं रापलेला चेहरा, पांढरे केस, सगळ्यांशी हसून-मिसळून वागण्याची हातोटी. आजोबा सायप्रसहून आलेले, ग्रीक वंशाचे. रिपब्लिकनांबरोबरच डेमॉक्रॅट मतदारही क्रिस्ट यांना चांगलं म्हणत. म्हणूनच सिनेटच्या रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी मे २००९ मध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा पक्षश्रेष्ठींनी लगेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सिनेट हे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह. राज्य मोठं असो की लहान, प्रत्येकाचे दोनच सदस्य. पन्नास राज्यांचे मिळून शंभर. मुदत सहा वर्षांची. आपल्या राज्यसभेसारखी तिथं आमदारांनी निवड करायची नसते. राज्यभरातले मतदार थेट मत देतात. त्यामुळं एकेका जागेसाठी कोट्यवधी डॉलर ओतले जातात.

पण त्याआधी पार करायचा असतो पक्षाचा उंबरठा. तिकडं तिकीट दिल्लीत बसून वाटलं जात नाही. पक्षाचे मतदारच ‘प्रायमरी’ नावाच्या निवडणुकीत उमेदवार ठरवतात. फ्लोरिडात तर ज्यांनी स्वतःची नोंद रिपब्लिकन म्हणून केली असेल, त्यांनाच रिपब्लिकन प्रायमरीत मत देता येतं. इथंच क्रिस्ट यांची पंचाईत झाली. त्यांना चांगलं म्हणणारे निम्मे लोक या उंबरठ्याच्या बाहेर उभे होते!

आत होते मार्को रुबियो. वय अवघं ३८. आई-वडील क्युबातून आलेले, वडील बारमध्ये कामाला. रुबियो राज्याच्या विधानसभेचे सभापती राहिलेले. सुरुवातीच्या चाचण्यांत ते क्रिस्ट यांच्या तीसेक टक्के मागे होते. पण सरकारी खर्चाविरुद्ध ‘टी पार्टी’ नावाची चळवळ देशभर पेटली आणि वारं फिरलं. ओबामांच्या त्या योजनेला लोकसभेसारख्या खालच्या सभागृहातल्या एकाही रिपब्लिकनानं मत दिलं नव्हतं. आणि इथं तर पक्षाचा गव्हर्नर ओबामांच्या गळ्यात पडलेला! विरोधकांनी तो फोटो घरोघरी पोचवला. २०१० च्या एप्रिलपर्यंत क्रिस्ट यांची आघाडी पुसली गेली आणि रुबियो वीस टक्क्यांहून अधिक पुढं गेले.

प्रायमरीत हरलं तर पुन्हा अपक्ष उभं राहता येत नाही, असा राज्याचा कायदा. अर्जाची मुदत ३० एप्रिलची. आदल्याच दिवशी, २९ एप्रिलला, आपल्या सेंट पीटर्सबर्ग गावी क्रिस्ट यांनी अपक्ष लढण्याची घोषणा केली.

मधली वाट अरुंद

सुरुवात झकास झाली. त्याच महिन्यात मेक्सिकोच्या आखातात ‘बीपी’ कंपनीच्या तेलविहिरीवर स्फोट होऊन तेल पसरू लागलं होतं. क्रिस्ट किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरत होते, रोज टीव्हीवर दिसत होते. शिक्षकांचे पगार विद्यार्थ्यांच्या गुणांशी जोडणारं विधेयक त्यांनी नामंजूर केलं होतं, म्हणून शिक्षक त्यांच्यावर खूश होते. उन्हाळ्यातल्या बऱ्याच चाचण्यांत क्रिस्ट पहिले होते. तिरंगी लढतीत मधला माणूस जिंकणार, असंच चित्र होतं.

मग एकाच प्रश्नानं त्यांचा पिच्छा पुरवला. निवडून आलात तर सिनेटमध्ये कुणाच्या बाजूला बसणार? ‘डेमॉक्रॅटांच्या’ म्हणावं तर उरलेसुरले रिपब्लिकन जाणार. ‘रिपब्लिकनांच्या’ म्हणावं तर डेमॉक्रॅट कशाला मत देतील? क्रिस्ट ‘जनतेच्या बाजूला’ अशा थाटाचं उत्तर देत राहिले. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याच्या बाजूनं आपण मत दिलं असतं, असं एका मुलाखतीत ते बोलून गेले आणि त्याच दिवशी शब्द फिरवून बसले. धड ना इकडचे, धड ना तिकडचे!

ऑगस्टच्या अखेरीस डेमॉक्रॅटांचा उमेदवार ठरला : मायामीचे खासदार केंड्रिक मीक. पूर्वी महामार्ग पोलिसात नोकरी केलेले. त्यांची आईही खासदार होती. आपल्या पक्षाचा माणूस रिंगणात उतरलेला पाहून डेमॉक्रॅट मतदार घराकडं परतू लागले आणि तेवढेच क्रिस्ट खाली येऊ लागले.

माघार कुणी घ्यायची?

ऑक्टोबर उजाडेपर्यंत चित्र उघड झालं. रुबियो पुढं. उरलेली मतं क्रिस्ट आणि मीक यांच्यात वाटलेली. दोघांपैकी एक बाजूला झाला तरच लढत होणार होती. मतदानाला आठवडाही उरला नसताना बातमी फुटली, की माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मीक यांच्याशी माघारीबद्दल बोलणी केली. क्लिंटन यांच्या प्रवक्त्यानं बोलणं झाल्याचं मान्य केलं. मीक यांनी माघारीचा कुठलाही सौदा झाल्याचं ठामपणे नाकारलं आणि ते रिंगणात राहिले.

वरवर पाहता हा हट्ट वाटेल. पण मीक यांच्या बाजूनंही विचार करायला हवा. पक्षाच्या मतदारांनी त्यांना रीतसर निवडून उभं केलं होतं. शिवाय मीक कृष्णवर्णीय. फ्लोरिडातून आजवर एकही कृष्णवर्णीय सिनेटवर गेला नव्हता. शंभरांच्या त्या सभागृहात तेव्हा एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते, आणि तेही जाणार होते. अशा वेळी, कालपर्यंत विरोधी पक्षात असलेल्या गव्हर्नरासाठी यांनीच का उठून जावं? हिशेबात जे शहाणपण होतं, ते त्यांच्या समर्थकांना अपमानासारखं लागलं असतं.

२ नोव्हेंबरला निकाल लागला. रुबियो ४८.९ टक्के, क्रिस्ट २९.७ टक्के, मीक २०.२ टक्के. दोघांची बेरीज केली तर रुबियोंपेक्षा एक टक्का जास्त! अर्थात ही बेरीज कागदावरची. क्रिस्ट यांची काही मतं मुळात रिपब्लिकन होती. क्रिस्ट नसते तर ती रुबियोंकडंच गेली असती. तेव्हा ‘क्रिस्टमुळं मीक पडले’ असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही आणि ‘मीकमुळं क्रिस्ट’ असंही नाही. खरं एवढंच, की दोघं एकाच ताटात जेवायला बसले होते.

मेनमध्ये नेमकं काय वेगळं?

दोन वर्षांनी अगदी ईशान्येच्या टोकाला, मेन राज्यात, हाच प्रयोग झाला. रिपब्लिकन सिनेटर ऑलिम्पिया स्नो यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये अचानक निवृत्ती जाहीर केली. ओबामांच्या त्या योजनेला सिनेटमध्ये ज्या तीन रिपब्लिकनांनी मत दिलं, त्यांतल्या त्या एक. दोन्हीकडच्या कर्कश भांडणाला त्या कंटाळल्या होत्या.

त्यांच्या जागी अँगस किंग अपक्ष उभे राहिले. किंग पूर्वी आठ वर्षं राज्याचे गव्हर्नर होते, तेही अपक्ष म्हणूनच! सिनेटसाठी त्यांना कुठला पक्ष सोडून यावं लागलं नव्हतं. कुणाच्या बाजूला बसणार, हे त्यांनीही आधी सांगितलं नाही. पण डेमॉक्रॅटांच्या वरिष्ठांनी ओळखायचं ते ओळखलं. त्यांच्याच पक्षाच्या सिंथिया डिल उभ्या असताना त्यांनी डिल यांना वाऱ्यावर सोडलं. गंमत म्हणजे, डिल यांची स्तुती करणाऱ्या जाहिराती दिल्या त्या रिपब्लिकनांच्या हितचिंतकांनी! डिल यांची मतं वाढली तर किंग यांची कमी होतील, एवढाच त्यामागचा हेतू. डाळ शिजली नाही. किंग ५२.९, रिपब्लिकन चार्ली समर्स ३०.७, डिल १३.३ टक्के. किंग पुढं डेमॉक्रॅटांच्या गटात बसले.

याआधी २००६ मध्ये कनेक्टिकट राज्यातही असंच घडलं होतं. सन २००० मध्ये उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले जो लिबरमन इराक युद्धाला पाठिंबा दिल्यामुळं डेमॉक्रॅट पक्षाच्या प्रायमरीत हरले, पण अपक्ष उभं राहून जिंकले. तिथं रिपब्लिकनांनी आपल्या उमेदवाराकडं पाठ फिरवून लिबरमन यांना हात दिला. त्या उमेदवाराला मिळाली ९.६ टक्के मतं.

या तिन्ही ठिकाणी तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की कोडं बरंच उलगडतं. कनेक्टिकटमध्ये ९.६, मेनमध्ये १३.३, फ्लोरिडात २०.२. पहिल्या दोन ठिकाणी मधला जिंकला, तिसऱ्या ठिकाणी हरला. मधल्या उमेदवाराला दोन्ही पक्षांची थोडी थोडी मतं मिळून भागत नाही. दोहोंपैकी एका पक्षानं आपलं घर जवळजवळ रिकामं करून द्यावं लागतं.

एक, दोन, तीन

पण मतदारानं काय करायचं? आवडता उमेदवार निवडून येण्याजोगा नसेल, तर त्याला मत देणं म्हणजे नावडत्याला मदत. न द्यावं, तर मनाविरुद्ध वागणं. ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, मग ती निम्म्यांपेक्षा कमी का असेनात, अशी पद्धत असली की हा पेच आलाच. भारतातही लोकसभेला-विधानसभेला हीच पद्धत असल्यामुळं मतविभागणीचं हे दुखणं इथल्या मतदारालाही ठाऊक आहे.

मेनच्या लोकांना त्याचा चटका चांगलाच बसला होता. २०१० मध्ये तिथले गव्हर्नर निवडून आले ते अवघ्या ३७.६ टक्के मतांवर. दुसऱ्या क्रमांकावरचे अपक्ष दहा हजारांहूनही कमी मतांनी पडले. अखेर २०१६ मध्ये जनमत घेऊन मेननं पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. मतदारानं उमेदवारांपुढं एक, दोन, तीन असे क्रम द्यायचे. कुणालाच निम्म्याहून अधिक मतं नसतील, तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणं वाटली जातात. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मत दिलेल्यांना हे आकडे लिहिणं ओळखीचं वाटेल.

२०१८ मध्ये मेनमधल्या खासदारकीच्या एका जागेवर याचा परिणाम दिसलाच. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन उमेदवार दोनेक हजारांनी पुढं होता. दोन अपक्षांची मतं वाटल्यावर डेमॉक्रॅट जारेड गोल्डन निवडून आले. अर्थात हा सगळ्या दुखण्यांवरचा इलाज नव्हे. ज्या गव्हर्नरपदावरून एवढं रामायण घडलं, त्याच्या मुख्य निवडणुकीला ही पद्धत लागू करता आली नाही. राज्यघटनेतलं कलम आड आलं.

फ्लोरिडाच्या त्या तिघांचं पुढं काय झालं? मीक यांची संसदेतली कारकीर्द तिथंच थांबली. रुबियो २०१६ आणि २०२२ मध्ये पुन्हा सिनेटवर निवडून आले आणि २०२५ च्या जानेवारीत परराष्ट्रमंत्री झाले. क्रिस्ट २०१२ च्या डिसेंबरात डेमॉक्रॅट झाले, २०१६ मध्ये खासदारही झाले. पण गव्हर्नरपदासाठी २०१४ आणि २०२२ मध्ये लढले, दोन्ही वेळा हरले. ज्या ओबामांना त्यांनी फोर्ट मायर्सच्या सभेत मिठी मारली, अखेर त्यांच्याच पक्षात त्यांना आसरा मिळाला. फरक एवढाच, की तोवर सिनेटची ती खुर्ची हातची गेली होती.