नीरेपलीकडील आरोप व अलीकडील जामीन

जुन्या दप्तरांत जामीनकतबे पुष्कळ आढळतात. परंतु वतनाच्या व इनामाच्या कागदांपुढें संग्राहक त्यांची फारशी दखल घेत नाहींत. त्यांतील एका प्रकाराकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. आरोप एका राज्यांत व आरोपी दुसऱ्या राज्यांत, अशा वेळीं चौकशीपूर्वीं त्यास बंदींत न ठेवतां सोडावयाचें, तर जामीन कोणी घ्यावा व तो मोडल्यास वसूल कोणी करावा, हा तो प्रश्न होय.

काटेवाडी हें बारामती-इंदापूर रस्त्यावरील गांव. त्याच्या दक्षिणेस नीरा वाहते. १८१९ च्या तहानें सातारच्या छत्रपतींचें राज्य आंखलें गेलें, तेव्हां नीरा ही त्याची उत्तरेकडील सीमा होती. पुढें तें राज्य खालसा झालें. तरी फलटण संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. म्हणजे बारामतीकडील थडी इंग्रजी अमलांत व फलटणचा मुलूख नाईक-निंबाळकरांकडे, अशी स्थिति दीर्घकाळ होती.

मराठेशाहींत माणूस हजर करण्याची हमी देणारा तो हाजीरजामीन, पैशाची देणारा मालजामीन, वर्तणुकीची देणारा फैलजामीन व जामिनाचाहि जामीन तो आडजामीन. या हमीचें बळ जामीनदाराच्या घरांत, शेतांत व अब्रूंत असे. तीं जेथें, तेथील अंमलदारासच त्याला धरतां येई. यामुळें परमुलखांतील आरोपीस ओळखीचा जामीनदार मिळणें कठीण. गुन्हा हलका असला तरी केवळ परका म्हणून तो अडकून पडे.

१९०३ च्या हिंदुस्थानच्या एक्स्ट्रॅडिशन अॅक्टाच्या आठव्या कलमानें ही अडचण कांहीं अंशीं दूर केली. समजा, फलटण संस्थानांतील एखाद्या गुन्ह्याचा आळ काटेवाडीच्या कुणब्यावर आला. पोलिटिकल एजंटाचें वॉरंट पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटकडे येई. जामिनावर सोडण्यास हरकत नाहीं असा शेरा एजंटानें वॉरंटाच्या पाठीवर केला असेल, तर पुरेसे जामीनदार मिळतांच मॅजिस्ट्रेटनें आरोपीस सोडलेंच पाहिजे. मग त्यानें एजंटास दाखला पाठवावा व कतबा मात्र स्वतःपाशीं ठेवावा. आरोपी नेमल्या स्थळीं न गेल्यास पुन्हां धरण्याचा व जामीन जप्त करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटसच होता.

येथेंच खरी खूण आहे. इंग्रजी मुलखांतल्या मुलखांत एका जिल्ह्यानें घेतलेला जामीन १८९८ च्या फौजदारी कायद्यान्वयें वॉरंट काढणाऱ्या कोर्टाकडे रवाना होई. नीरेपलीकडच्या कामांत कतबा अलीकडेच राही, कारण जामीनदार अलीकडचा. आज फलटण सातारा जिल्ह्यांत असल्यानें पहिलाच नियम तेथें चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि तो कायम आहे. उलट युरोपीय संघानें २००९ सालीं केलेल्या ठरावांत जुन्या विभागणीची छाया दिसते: हुकूम आरोपाच्या देशाचा, हजेरी व देखरेख राहत्या देशाची.

तेव्हां पुणें प्रांतीं असा सुटा कतबा हातीं आल्यास खटला पुण्यास चालला असें संग्राहकांनीं गृहीत धरूं नये. हजर होण्याचें स्थळ कोणतें लिहिलें आहे तें प्रथम वाचावें. तें संस्थानांतील असेल, तर त्याचा जोडीदार दाखला एजंटाच्या दप्तरांत शोधावा. दोन्ही जुळल्याशिवाय त्या माणसाची हकीकत पुरी होणार नाहीं.