दवाखान्यातच जडणारा न्यूमोनिया

दाखल होताना छाती साफ होती आणि 48 तास उलटल्यावर ताप चढला, बेडका घट्ट झाला, एक्स-रेवर नवा पांढरा डाग दिसला, तर तो रुग्णालयात जडलेला न्यूमोनिया समजतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना धोका सर्वांत जास्त.

जंतू बहुधा तोंडातूनच खाली उतरतात. पडून असलेल्या माणसाच्या दातांवर कीट साचतं, लाळ नकळत श्वासनलिकेत झिरपते. आपल्या आयसीयूंमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे नेहमीचे. त्यांतले कित्येक भारी अँटिबायोटिक्सनाही दाद देत नाहीत. म्हणून थुंकीचा नमुना आधी कल्चरला जायला हवा. औषध मात्र अहवालासाठी अडवायचं नाही. त्या वॉर्डात कोणते जंतू आढळतात ते पाहून सुरू करायचं आणि अहवाल आला की नेमक्या औषधावर यायचं.

अँटिबायोटिकचा कोर्स लांबवल्याने रुग्ण वाचतो, हा समज चुकीचा. फ्रान्समधल्या 51 आयसीयूंतल्या 401 रुग्णांच्या अभ्यासात (2003) मृत्यूंच्या प्रमाणात 8 आणि 15 दिवसांच्या उपचारांत फरक दिसला नाही. आता साधारण 7 दिवस पुरेसे मानतात.

नातेवाइकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवता येईल का? आणि आज दात घासले का?