पिकांवरील रोगकिडींची छायाचित्रे : साधा डिजिटल कॅमेरा व घरचा संगणक यांचा उपयोग

पिकावर कीड अथवा रोग दिसू लागला म्हणजे शेतकरी चार पाने खुडून पिशवीत घालतो आणि तालुक्याच्या गावी सल्ला विचारावयास जातो. तेथे पोहोचेपर्यंत पाने कोमेजतात, अळी वाटेत निसटते, आणि तज्ज्ञास केवळ तोंडी वर्णनावर भिस्त ठेवावी लागते. “पाने पिवळी पडली आहेत” एवढ्या एका वाक्यात अन्नद्रव्याची उणीव, मुळाशी साचलेले पाणी, रस शोषणाऱ्या किडी आणि विषाणुजन्य रोग ही चारही कारणे बसतात. प्रत्येकाचा उपाय निराळा. निदान चुकले तर औषधाचा व मजुरीचा खर्च वाया जातो आणि मोलाचे दिवस हातचे निघून जातात.

ही अडचण साधा डिजिटल कॅमेरा व घरचा संगणक यांच्या साहाय्याने पुष्कळ अंशी दूर करता येते. मात्र छायाचित्र कसेही काढून चालत नाही. कशाचे, कोठले, केव्हाचे आणि केवढे, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या छायाचित्रातून मिळतात तेच निदानाच्या उपयोगी पडते. हातात कॅमेऱ्याऐवजी भ्रमणध्वनी असला तरी पुढील बहुतेक सूचना तितक्याच लागू आहेत.

कॅमेऱ्याचे कार्य

जुन्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा ठसा फिल्मवर उमटत असे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाशाची जाणीव असणारी एक लहान चकती असते. तिच्यावर बारीक चौकटींचे जाळे असून प्रत्येक चौकट आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचे मोजमाप करते. या मापांचे आकडे स्मृतिपत्रिकेवर, म्हणजे मेमरी कार्डावर, साठविले जातात. असा पहिला कॅमेरा अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली तयार केला. त्यातील चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते व ते फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात एक कोटी किंवा त्याहून अधिक ठिपके असतात. यालाच दहा मेगापिक्सेल म्हणतात. निदानासाठी एवढे पुरेसे आहेत. अधिक ठिपक्यांच्या मोहाने महाग कॅमेरा घेण्याचे कारण नाही.

शेतात जाण्यापूर्वीची तयारी

प्रथम विद्युत्घट पूर्ण भारित करावा. त्यानंतर कॅमेऱ्यातील दिनांक व वेळ तपासावी. कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत दिनांक आपोआप नोंदवितो; परंतु घड्याळच चुकीचे असेल तर ती नोंद दिशाभूल करते. घट बराच काळ काढून ठेवल्यास हे घड्याळ बंद पडते, हे ध्यानात ठेवावे.

चित्राचा आकार सर्वांत मोठा ठेवावा. दहा मेगापिक्सेलचे एक चित्र साधारणपणे ३ ते ५ एमबी जागा घेते. म्हणजे ४ जीबीच्या कार्डावर सुमारे हजार चित्रे मावतात. जागेची काटकसर करण्याचे प्रयोजन उरत नाही.

कॅमेऱ्यासोबत एक लहान पाटी, खडू व शाळेतील मोजपट्टी न्यावी. या तीन स्वस्त वस्तूंवाचून उत्तम कॅमेराही मुका ठरतो.

छायाचित्र घेण्याची रीत

पहिले छायाचित्र पाटीचे घ्यावे. पाटीवर गाव, गट क्रमांक, पीक, वाण, पेरणीचा दिनांक व आजचा दिनांक लिहावा. त्यापुढील सर्व चित्रे या पाटीच्या हवाली असतात. शेत बदलले की पाटी पुन्हा लिहून तिचे नवे चित्र घ्यावे.

नंतर दुरून जवळ या क्रमाने जावे. आधी संपूर्ण शेताचे, मग एका पूर्ण झाडाचे, मग रोगट भागाचे आणि शेवटी किडीचे अगदी जवळून, अशी चार चित्रे घ्यावीत. शेजारच्या निरोगी झाडाचेही एक चित्र घ्यावे. तुलनेने दोष चटकन ओळखू येतो. पानाची खालची बाजू विसरू नये, कारण मावा, पांढरी माशी, कोळी यांचे ठाणे बहुधा तेथेच असते.

जवळच्या चित्रासाठी कॅमेऱ्यावरील फुलाचे चिन्ह निवडावे. याला मॅक्रो म्हणतात. ते न निवडता कॅमेरा पानाशी नेल्यास चित्र पुसट येते. किती जवळ जाता येईल ते कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. कळ प्रथम अर्धीच दाबावी. कॅमेरा नेम साधतो व पडद्यावर हिरवी चौकट दिसते. मग श्वास रोखून कळ पूर्ण दाबावी. घाईने एकदम कळ दाबणे हेच नवशिक्यांची बहुतेक चित्रे बिघडण्याचे कारण होय.

वाऱ्याने पान हलत असेल तर सोबत्याने देठ धरावा. डिजिटल झूम वापरू नये. त्यायोगे चित्रात नवीन काही येत नाही, आहे तेच कापून मोठे केले जाते. जवळून घेताना फ्लॅश बंद ठेवावा, नाही तर पानावर पांढरा चट्टा उमटतो. सकाळचा अथवा उतरत्या उन्हाचा प्रकाश उत्तम. भर दुपारी काम पडल्यास झाडावर छत्री धरावी, व आपली अर्धवट सावली चित्रावर पडू देऊ नये.

एक उदाहरण : मक्यावरील लष्करी अळी

अमेरिका खंडातील मूळची ही लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. नुसते “पोंग्यात अळी आहे” असे कळविल्यास ती कोणती हे ठरत नाही. या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते, आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या वलयावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. म्हणून डोक्याचे एक व शेपटीकडील भागाचे एक अशी दोन स्पष्ट चित्रे घ्यावीत. तिसऱ्या चित्रात अळीशेजारी मोजपट्टी ठेवावी. लहान अळ्यांवर उपाय लवकर लागू पडतो. पोंग्यात शिरलेली मोठी अळी मात्र औषधास सहसा दाद देत नाही. यास्तव अळीची लांबी कळणे हे तिचे नाव कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

छायाचित्र कीड कोणती ते दाखविते, परंतु किती ते दाखवीत नाही. सर्वांत वाईट झाडाचेच चित्र पाठविले तर सारे शेत बुडाल्याचा समज होतो. याकरिता शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी २० झाडे पाहून त्यांपैकी किती झाडांवर प्रादुर्भाव आहे ते मोजावे व पाटीवर लिहावे. शंभर झाडांची ही मोजणी फवारणी करावी की नाही हे ठरविण्यास फार उपयोगी पडते.

संगणकावर उतरविणे

घरी आल्यावर कॅमेरा बंद करून तो यूएसबी तारेने संगणकास जोडावा व मग सुरू करावा, किंवा कार्ड काढून वाचक खाचेत घालावे. संगणकावर ‘डीसीआयएम’ नावाचे दप्तर दिसते, त्यात सर्व चित्रे असतात. ती निवडून त्यांची नक्कल आपल्या दप्तरात करावी. येथे नवशिक्याने दोन गोष्टी पाळाव्यात. चित्रे ‘हलवू’ नयेत, त्यांची ‘नक्कल’च करावी, आणि नकला उघडून पाहिल्याखेरीज कार्डावरील चित्रे पुसू नयेत. नक्कल चालू असताना तार अथवा कार्ड ओढून काढल्यास चित्रे बिघडण्याचा धोका असतो. संगणकास आधी सूचना देऊन मगच ते काढावे.

कॅमेरा चित्रांना नुसते क्रमांक देतो. कार्ड बदलल्यावर तेच क्रमांक पुन्हा येऊ शकतात, आणि नवे चित्र जुन्यावर बसून जुने नाहीसे होऊ शकते. म्हणून प्रत्येक शेतफेरीसाठी वेगळे दप्तर करावे व त्यास वर्ष, महिना, दिवस, मग पीक व गट क्रमांक या क्रमाने नाव द्यावे. जसे ‘२०२५-०७-१८ मका गट ११२’. वर्ष प्रथम लिहिल्याने दप्तरे आपोआप कालक्रमाने लागतात. पुढील हंगामात “गेल्या वर्षी कीड केव्हा आली होती?” या प्रश्नाचे उत्तर क्षणात मिळते.

संगणकाची तबकडी पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. त्यामुळे एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच, असे समजावे. दर आठवड्यास सर्व दप्तरांची दुसरी प्रत वेगळ्या साठवणीत घेऊन ती दुसऱ्या घरी अथवा कार्यालयात ठेवावी.

तज्ज्ञाकडे पाठविताना मूळ चित्रास हात लावू नये. रंग उजळ करणे तर टाळावेच; पिवळेपणा व करपा यांचे निदान रंगावरच अवलंबून असते. भ्रमणध्वनीवरील संदेशांतून चित्र पाठविल्यास ते बहुधा आपोआप लहान होते व बारीक खुणा पुसल्या जातात. तेच चित्र ‘दस्तऐवज’ म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोहोचते.

साधनांची निगा व मर्यादा

पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा, नाही तर काचेवर बुरशी धरते. काच धोतराच्या सोग्याने किंवा रुमालाने पुसू नये. आधी धूळ फुंकणीने उडवून मग मऊ कापडाने हलकेच पुसावी. औषध फवारलेल्या हातांनी कॅमेरा हाताळू नये.

छायाचित्रास मर्यादाही आहेत. सूत्रकृमी, मुळांची कूज किंवा जमिनीतील क्षार यांचा पक्का निर्णय चित्रावरून होत नाही. त्यासाठी मुळांसकट झाड व मातीचा नमुना द्यावाच लागतो. छायाचित्र हे नमुन्याच्या पुढे धावणारे पत्र होय, नमुन्याचा पर्याय नव्हे.

कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आपल्या गावातील एक शेत निवडावे आणि दर आठवड्यास त्याच बांधावरून, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे. हंगामअखेर ही चित्रे शेतकऱ्यांसमोर क्रमाने लावून दाखवावीत. कीड कोणत्या आठवड्यात शिरली व उपाय किती दिवस उशिरा झाला, हे त्यांना आपल्याच शिवारात पाहावयास मिळेल.