किल्ली फिरते, इंजिन उठत नाही

शर्यतीसाठी स्वस्तात तयार केलेली जुनी मारुती ८०० किल्ली फिरवूनही गप्प राहिली, की अनेकदा अख्खे लॉक बदलले जाते. किल्लीचे लॉक आणि त्यामागचा इग्निशन स्विच (विजेचे जोड चालू-बंद करणारा भाग) हे वेगळे असतात. शिवाय स्टार्टर मोटरचा शंभराच्या आसपास अँपिअरचा प्रवाह या स्विचमधून जातच नाही. स्विच फक्त सोलेनॉइडला (चुंबकाने जाड विजेचा जोड जुळवणारा भाग) हुकूम देतो. शेतकऱ्याला हे विहिरीवरच्या स्टार्टरवरून लगेच कळेल: हिरवे बटण आपण दाबतो, मोटरचा भार मात्र आतला कॉन्टॅक्टर पेलतो.

म्हणून आधी तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली स्टार्टवर धरा. सोलेनॉइडच्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प नीट पेटला, तर स्विच बहुधा निर्दोष. मग बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग, सोलेनॉइड आणि स्टार्टर पाहा. नाही पेटला, तरच फ्यूज, वायर आणि स्विचकडे वळा.

स्विचऐवजी टॉगल आणि पुशबटण चालते, पण बटण रिलेमार्फत जोडा. जिवाशी गाठ असलेली गोष्ट पुढची आहे: नुसती बॅटरी तोडल्याने चालू इंजिन थांबेलच असे नाही, कारण अल्टरनेटर इग्निशनला वीज पुरवत राहू शकतो. मास्टर कट-ऑफ स्विचने इग्निशनही तोडलेच पाहिजे, आणि तो बाहेरच्या माणसाच्याही हाताला यायला हवा.