जाळण्याआधी एक गठ्ठा गच्चीवर

ऑक्टोबर उलटला की दिल्लीच्या धुराचे फोटो पहिल्या पानावर येतात. पंजाब-हरियाणातली पराली, हवेचा निर्देशांक, बंद शाळा, न्यायालयाचे ताशेरे हे सगळं वाचकांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. मी लिहितोय ते आमच्या कोल्हापूरकडच्या धुराबद्दल. गळीत हंगाम सुरू झाला की तोड झालेल्या उसाच्या फडांत संध्याकाळी पाचट पेटतं आणि सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर जळक्या पानांच्या काळ्या काड्या सापडतात. एका हेक्टरमधून आठ ते दहा टन पाचट निघतं. खोडवा धरायची घाई असते, मजूर मिळत नाहीत, म्हणून काडी लावली जाते. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, त्याला दोष देण्यासाठी हा लेख नाही.

त्याच दिवसांत शहरातल्या रोपवाटिकांमध्ये गर्दी असते. हिवाळी भाज्यांची रोपं, कुंड्या, ग्रो बॅग आणि कुंडीत भरायच्या तयार मिश्रणाच्या पिशव्या. त्या पिशवीत पैसे मोजून आपण काय आणतो? मुख्यतः कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट. वीस किलोमीटरवर जे फुकट जळतंय, त्याचाच हा पुढचा अवतार. भाताचा एक टन पेंढा जाळला की सुमारे साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद आणि पंचवीस किलो पालाश हातचं जातं, शिवाय चारशे किलो कर्ब हवेत जातो. हा हिशेब कृषिशास्त्रज्ञ कित्येक वर्षं मांडत आहेत. त्यातला एक गठ्ठा आपल्या गच्चीवर आला तर काय होईल, एवढंच मला सांगायचं आहे.

पेंढ्याच्या गठ्ठ्यात थेट भाजी लावायची पद्धत अलीकडे जगभर पोचली ती अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जोएल कार्स्टन यांच्यामुळे. लहानपणी दुग्धव्यवसायाच्या शेतावर, फुटलेल्या आणि पावसात भिजलेल्या गठ्ठ्यांवर रानटी झाडं जोमानं वाढलेली त्यांनी पाहिली होती. पुढे उद्यानविद्येची पदवी घेतल्यावर त्या आठवणीची त्यांनी रीतसर पद्धत केली. 2013 साली त्यांचं पुस्तक आलं आणि माती नसलेल्या, खडकाळ किंवा दूषित जमिनीच्या अंगणांत गठ्ठे मांडले जाऊ लागले. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. मातीतले रोग हटेनात तेव्हा ब्रिटनमधले काचघरवाले गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काकडी-टोमॅटो पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर घेत होते.

यातली मेख अशी की गठ्ठा ही कुंडी नाही. तो कुजायला घातलेला ढीग आहे आणि रोप त्या कुजण्यावर जगतं. माझ्या पहिल्या वर्षी हेच लक्षात आलं नव्हतं. भाताच्या पेंढ्याचे चार गठ्ठे गच्चीवर मांडले, वर चार बोटं माती पसरली, मेथी आणि वांगी लावली. मेथी दहाव्या दिवशी पिवळी पडली, वांग्याची रोपं जिथल्या तिथे बसली. पाणी कमी झालं असं समजून मी आणखी पाणी घालत राहिलो आणि होतं ते नत्रही धुऊन गेलं.

कारण साधं आहे. पेंढ्यात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साठ ते ऐंशी भाग असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना ते प्रमाण पंचवीस-तीसच्या आसपास लागतं. कमी पडलेलं नत्र ते मिळेल तिथून उचलतात, म्हणजे रोपाच्या तोंडचं काढून घेतात. म्हणून रोप लावण्याआधी दहा-बारा दिवस गठ्ठा भिजवून त्याला नत्र पाजावं लागतं.

किती? वाचकांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. दहा किलो कोरड्या पेंढ्यात साधारण चार किलो कर्ब. ऐंशीच्या प्रमाणानं त्यात नत्र 50 ग्रॅम, पाहिजे सुमारे 130 ग्रॅम. तूट 80 ग्रॅमची. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम युरिया, आणि तोही एकदम न घालता दिवसाआड थोडाथोडा. युरिया नको असेल तर सव्वा किलो शेंगदाण्याची पेंड कुटून घालावी. उसाच्या शेतात पाचट कुजवण्यासाठी टनाला आठ किलो युरियाची शिफारस असते, म्हणजे दहा किलोला 80 ग्रॅम. तिथे पाचटाला महिनोन्‌महिने मिळतात. इथे पंधरवड्यात रोप लावायचं, म्हणून दुप्पट. मी पेंड वापरतो. वास येतो, मुंग्याही येतात, पण पेंडीतलं नत्र हळूहळू सुटतं आणि पाण्याबरोबर वाहून जात नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी गठ्ठ्यात हात घातला तर चटका बसतो. आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर जातं. इथे मला अमेरिकन पद्धतीशी वाद घालायचा आहे. मिनेसोटात वसंत ऋतूतही जमीन गारठलेली असते, तेव्हा ही ऊब त्यांना वरदान वाटते. आठवडे-दोन आठवडे आधी रोप लावता येतं. आपल्याकडे ही ऊब कोणाला हवी आहे? मार्चमध्ये विदर्भातल्या गच्चीवर ताजा गठ्ठा तापवून त्यात टोमॅटो लावला तर मुळं शिजतील. आपल्याला गठ्ठा पूर्ण निवू द्यायला हवा, सुरुवात दिवाळीच्या सुमारास करायला हवी, आणि तिकडच्या चित्रफिती पाहून चौकोनी गठ्ठ्याचा हट्ट धरायची गरज नाही. ज्या भागात गठ्ठे बांधणारं बेलर यंत्र पोचलेलं नाही तिथे तसा गठ्ठा मिळतही नाही.

शिवाय हा विचार आपल्याकडे फार आधी, मराठीतच, मांडला गेला आहे. तो श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या या माणसानं शेतीकडे गणिती नजरेनं पाहिलं. झाडाच्या वजनात मातीतून येतं ते अगदी थोडं, बाकी सगळं हवा, पाणी आणि ऊन यांतून पान बनवतं. तर मग शेतकऱ्यानं मोजायचं काय? पानांचं क्षेत्र आणि त्यांवर पडणारं ऊन. जपायचं काय? पानांनी बांधलेला तो जैवभार, म्हणजे आपण ज्याला काडीकचरा म्हणतो तो. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, हे त्यांनी हिशेबानं मांडलं आणि 'विपुलाच सृष्टी'सारख्या पुस्तकांतून लोकांपर्यंत नेलं.

त्यांनी उभ्या केलेल्या 'प्रयोग परिवार' या शेतकऱ्यांच्या गटातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथे कोणी गुरू नव्हता. तासगावचे द्राक्षबागायतदार एकत्र बसत, आपापल्या वेलींची निरीक्षणं मांडत, एकमेकांना प्रश्न विचारत. कमी शिकलेल्या माणसाची नोंदही तितकीच महत्त्वाची मानली जाई. गच्चीवरच्या बागेला आज या सवयीची सर्वांत जास्त गरज आहे. आपण उत्तरं विकत घेतो, पिशवीत आणि बाटलीत. कोणत्या दिवशी किती पाणी घातलं, पान कधी पिवळं झालं, गठ्ठा किती बोटं खचला, हे वहीत लिहून ठेवणारे फार थोडे. माझी पहिली मेथी का गेली ते मला वहीमुळेच कळलं.

दाभोळकरांचा विचार मुंबईच्या गच्च्यांवर नेला डॉ. आर. टी. दोशी यांनी. हे व्यवसायानं अर्थतज्ज्ञ. माती जवळजवळ वगळून, उसाची चिपाडं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि पिंपांत भरून त्यांनी फळं आणि भाज्या घेतल्या. त्यांच्या शिकवणीतून पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 पासून बाग उभी केली. हजारो कामगारांच्या जेवणातून रोज उरणारी देठं-सालं फेकायची कुठे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यातूनच सुमारे तीन हजार चौरस फुटांची बाग झाली. पेंढा, चिपाडं, भाजीची देठं. नावं बदलली, काम एकच.

आता कोणी करू म्हणेल तर मी काय सांगेन? गठ्ठा शोधत फिरू नका. भाजी मंडईत टोमॅटोचे प्लॅस्टिकचे क्रेट जुने मिळतात, तो तुमचा साचा. आत गोणपाट लावा, पाचट किंवा चिपाडं ओली करून पायानं दाबून दाबून भरा. जितकं घट्ट, तितकं चांगलं. रसवंतीवाल्याला संध्याकाळी विचारलं तर तो चिपाडं आनंदानं देतो. फक्त ती त्याच दिवशी धुवून घ्या, साखरेनं माश्या आणि आंबूस वास येतो. थरांमध्ये पेंड आणि मूठमूठ जुनं शेणखत घाला, जिवाणूंचं विरजण म्हणून. वर तीन-चार बोटं खत-मातीचा थर, बी रुजायला. दोन-तीन आठवडे फक्त पाणी. हात घातल्यावर गार लागलं की रोप लावा.

मधल्या काळात वर करड्या छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, आतलं काम चालू असल्याची ती खूण आहे. मात्र त्या खायच्या नाहीत. खायची ती ढिंगरी अळिंबी वेगळी, तीही पेंढ्यावरच वाढते. ओळखीत कोणी अळिंबी उत्पादक असेल तर त्याच्याकडचा वापरून झालेला पेंढा मागून आणा, तो अर्धा कुजलेलाच असतो.

कडबा मात्र या कामाला लावू नका. ज्वारीचा कडबा म्हणजे जनावराच्या तोंडचा घास, दुष्काळी तालुक्यात तर तो सोन्याच्या भावानं मिळतो. गच्चीवरच्या मिरचीसाठी तो घेणं मला पटत नाही. तणनाशक फवारलेल्या शेतातल्या काडाबद्दलही सावध राहा. ब्रिटनमध्ये 2008 च्या सुमाराला काही तणनाशकांचे अंश गवतातून, जनावरांच्या शेणातून खतात उतरले आणि घरोघरच्या टोमॅटो-घेवड्याची पानं वाकडी झाली. परीक्षा सोपी आहे. एका डब्यात त्या काडाचा चुरा आणि माती मिसळून घेवड्याचे पाच-सहा दाणे लावा. दोन-तीन आठवड्यांत पानं सरळ आली तर काड वापरा.

गच्चीच्या वजनाचा विचार फार थोडे लोक करतात. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोचा भार धरलेला असतो. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा वाफा त्याच चौरस मीटरवर पाचशे किलोपर्यंत जातो. पाचटाचा तेवढाच थर त्याच्या निम्म्याहूनही हलका भरतो, तरी तोही मर्यादेच्या काठावर येतोच. म्हणून क्रेट एकाला एक लावून मांडू नयेत, तुळयांवर आणि कठड्याच्या कडेनं, खाली विटा देऊन ठेवावेत. इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

सगळं पिकेल अशी आशाही धरू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज 400 ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. चौघांच्या घराला दीड किलोहून जास्त. दहा-बारा क्रेटमधून ते निघत नाही. निघतात पालेभाज्या, मिरच्या, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, आणि कठड्यावर चढवलेला घेवडा. गाजर-मुळा या पद्धतीत वेडावाकडा होतो, त्याला मातीची खोल कुंडीच हवी. दोडकं, दुधी यांनाही मोठा प्लँटर द्यावा, वीस लिटरच्या रंगाच्या डब्यापेक्षा लहान नको, आणि तळाला भोकं भरपूर. घरात लहान मुलं असतील तर एक क्रेट त्यांच्या नावाचा ठेवावा आणि त्यात मेथी पेरावी. तीन-चार आठवड्यांत खुडायला येते, तेवढा धीर त्यांना असतो.

पाचट हळूहळू बसत जातं. मिनेसोटात गठ्ठा एक हंगाम सहज टिकतो, आपल्या हवेत चार-पाच महिन्यांत त्याची उंची निम्मी होते. फेब्रुवारीच्या शेवटी माझे क्रेट उपसले तेव्हा तळाशी काळं, भुसभुशीत, पावसाच्या वासाचं खत होतं. उसाचं पान म्हणून ओळखू येईल असं त्यात जेमतेम काही उरलं होतं. ते मी प्लँटरमध्ये भरलं, उन्हाळी दोडक्यासाठी. क्रेट धुऊन पालथे घातले आणि संध्याकाळी पोती घेऊन कोपऱ्यावरच्या रसवंतीकडे गेलो.