चाचणी संपली, पण प्रोसेस संपली का?

पेनड्राइव्ह काढू पाहावा आणि पडद्यावर 'हे साधन वापरात आहे' अशी सूचना यावी, हा अनुभव बहुतेकांना आहे. आपण तर सगळ्या फाईली बंद केलेल्या असतात. मग तो वापरतो आहे कोण? समोर खिडकी नसलेली, पण मागे चालू राहिलेली एखादी प्रोसेस. घरी आपण एकदोनदा वाट पाहून शेवटी पेनड्राइव्ह तसाच उपसतो. जिथे तसे करून चालत नाही, अशा एका ठिकाणची ही गोष्ट आहे.

डिस्कवरील कोणती फाईल कोठे आहे, केवढी आहे, याची नोंदवही सांभाळणारी व्यवस्था म्हणजे फाईल सिस्टिम. तिच्यात चूक राहिली तर शाळेचे निकालपत्रक असो की बँकेचे खाते, ते मुकाट्याने बिघडते. म्हणून लिनक्सच्या फाईल सिस्टिम 'एफएसटेस्ट्स' नावाच्या चाचणीसंचातून तपासल्या जातात. अमेरिकेतील सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९४ मध्ये आणलेल्या एक्सएफएससाठी तो सुरू झाला. आज इतरांसाठीही वापरतात. त्यात हजाराहून अधिक चाचण्या आहेत.

यांतील एक नेहमीचा प्रकार पाहू. डिस्कवर नवी फाईल सिस्टिम उभारायची, ती जोडायची आणि 'एफएसस्ट्रेस' हा प्रोग्रॅम मागे सोडून द्यायचा. तो एकदम अनेक प्रोसेस जन्माला घालतो. त्या वाटेल तशा फाईली बनवतात, पुसतात, त्यांची नावे बदलतात. शेवटी ही गर्दी थांबवून फाईल सिस्टिम सोडवायची आणि नोंदवही जुळते का ते तपासायचे.

घोटाळा होतो तो सोडवताना. एकाच प्रोसेसने एकच फाईल उघडी ठेवली असली, तरी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सोडवायला नकार देतो. पुढच्या चाचणीला तीच डिस्क हवी असते; ती नापास होते. प्रयोगशाळेत पहिल्या तुकडीने परीक्षानळी न धुता ठेवावी आणि दुसऱ्या तुकडीच्या द्रावणात भलताच साका यावा, तसे हे झाले. मग नसलेला दोष शोधण्यात दिवस जातात. त्याहून वाईट म्हणजे 'ही चाचणी अशीच पडते' म्हणून लोक तिच्याकडे काणाडोळा करू लागतात आणि खरा दोष निसटतो.

'मग प्रोसेस मारून टाका की!' असे कोणी म्हणेल. पण 'किल' ही आज्ञा मारत नाही, फक्त संकेत पाठवते. १५ क्रमांकाचा संकेत म्हणजे 'आवरून घे'. ९ क्रमांकाचा नाकारता येत नाही. तरीही संकेत पाठवला म्हणजे काम झाले असे नाही. प्रोसेस खरोखर संपेपर्यंत 'वेट' करावे लागते, आणि ते फक्त आईला आपल्या मुलांसाठी करता येते. घाईने आईलाच ९ क्रमांक दिला तर मुलांना आवरायला तिला सवड मिळत नाही. ती अनाथ होतात आणि १ क्रमांकाची किंवा तशीच नेमलेली दुसरी प्रोसेस त्यांना दत्तक घेते. चाचणीला मग त्यांची वाट पाहण्याचा अधिकार उरत नाही. शाळेत लिनक्स असेल तर हे करून पाहता येते: टर्मिनलमध्ये आणखी एक शेल उघडा, त्यातून 'स्लीप' मागे चालू करा, दुसऱ्या टर्मिनलमधून त्या शेलला ९ क्रमांक द्या आणि 'पीएस'च्या यादीत स्लीपच्या आईचा क्रमांक बदलला का ते पाहा.

अनाथांना शोधायचे कसे? नावावरून, हा सोपा मार्ग; 'किलऑल' तेच करते. (सोलॅरिस प्रणालीत मात्र याच नावाची आज्ञा जवळजवळ सगळ्याच प्रोसेस मारते. सवयीने टाइप करणाऱ्यांनी जपून!) एका वेळी एकच चाचणी चालते तोवर हे ठीक. पण २०२५ च्या सुमारास एकाच यंत्रावर अनेक चाचण्या समांतर चालवण्याचे काम पुढे गेले, आणि एका चाचणीची सफाई शेजारणीचे एफएसस्ट्रेसही मारू लागली. शेजारीण नापास झाली तर निदान कळते. आम्हांला अधिक घातक वाटते ते तिचे पास होणे: अंगावरचा भार मध्येच नाहीसा झाला, मग पास न व्हायला काय झाले!

प्रत्येक चाचणीसाठी प्रोग्रॅमची वेगळ्या नावाने प्रत करणे हा एक तोडगा निघाला. अधिक पक्का उपाय नात्याचा आहे. लिनक्समध्ये २००८ पासून प्रोसेसचे वेगळे कुटुंब करता येते. त्यात क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात, अनाथ झालेले मूल कुटुंबातच राहते, आणि तिथला १ क्रमांक संपला की कर्नल बाकी सर्वांना ९ क्रमांक देतो. नावाने शोधाशोध नको.

डिस्ककडून उत्तराची वाट पाहत अडकलेली प्रोसेस मात्र पुष्कळदा यालाही दाद देत नाही. उत्तर येईपर्यंत ती मरत नाही. फाईल सिस्टिमच्या चाचणीत असे अडकणे हाच कदाचित शोधायचा दोष असतो. यंत्र बंद करून चालू केले तर पुरावाच जातो. तशी सोय चालू ठेवलेली असेल, तर सामान्यतः १२० सेकंदांहून अधिक अडकलेल्या प्रोसेसची, ती नेमकी कोठे थांबली आहे यासह, कर्नल नोंद करतो. सफाईला हात घालण्याआधी ती नोंद वाचावी.